बसलेला हत्ती आणि उभा बैल

माझा हत्ती बसला तेव्हा हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं होती आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल.

सुरतेत उधन्याला आमच्याच सोसायटीतल्या एका बाळाचा पहिला वाढदिवस होता. मी घरी केक करते, बिनअंड्याचे. तोवर गोल केले होते, चौकोनी केले होते, बाहुलीचे केले होते. चार पायांवर उभा राहणारा हत्ती पहिल्यांदाच केला होता, आणि त्याचा मला एवढा तोरा की नवीन साडी नेसून मी स्वतः तो टेबलावर ठेवला. बाळाच्या आईने मेणबत्ती पेटवली आणि हत्तीचे पुढचे दोन्ही पाय हळूहळू वाकले. लोकांना वाटलं, मुद्दामच केलंय, बाळाला नमस्कार करतोय. टाळ्या पडल्या हो! मग मागचे पाय गेले, सोंड ताटात पडली, पोट फुटलं आणि आतली चॉकलेटची क्रीम टेबलावर पसरली. मागून कुणीतरी ओरडलं, "हाथी बेसी गयो!" आणि अख्खा हॉल हसला. बाळसुद्धा हसलं, मेलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्या माहेरी धुळ्याकडे पोचला होता. आईचा फोन आला, "अगं, तो हत्ती तुझाच ना?" दुसऱ्या दिवसापासून भाजीवालीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी मी हत्तीवाली झाले.

चूक काय झाली ते सांगते, कारण ती चूक सुरतेबाहेरचं माणूस करणारच नाही. माझा नवरा लूम फिटर आहे, म्हणजे कापडाच्या कारखान्यातले माग बिघडले की तो दुरुस्त करतो. कारखान्यात सूत ज्यावर गुंडाळून येतं त्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या रिकाम्या झाल्या की फुकट मिळतात. आमच्या वस्तीत अशी एक खोली नाही जिथे त्या नळ्या नाहीत. पडद्याचा दांडा नळीचा, कपाटाखाली टेकू नळीचा, सासूबाईंचा कूलर गेली सहा वर्षं चार नळ्यांवर उभा आहे. नळीवर माणूस चढला तरी ती दबत नाही. मग मी हत्तीला पाय कशाचे देणार? चार नळ्या कापल्या, वरून क्रीम लावली, झालं. आणि पुठ्ठा तो पुठ्ठा! क्रीमचा ओलावा पीत राहिला आणि ऐन वेळी मऊ पडला. कूलरखालच्या नळ्यांना कुणी क्रीम लावत नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

हसण्यावारी नेलं असतं, पण ऑर्डरी थांबल्या. केक सुरू करायच्या आधी नऊ वर्षं मी साड्यांना खडे चिकटवायचं काम करत होते. एक भाऊ मोपेडवरून साड्यांचं गाठोडं आणून टाकायचा आणि मी खाली मान घालून एकेक खडा चिकटवत बसायचे. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, त्या गोंदाच्या वासाने जेवण गोड लागायचं नाही. ओव्हन आला त्या दिवशी मी गोंदाचा डबा माळ्यावर टाकला होता. हत्ती बसल्यावर तीन आठवड्यांनी तो भाऊ खालून हाका मारायला लागला, "बेन, पाछुं शरू करवुं छे?" पुन्हा सुरू करायचंय का म्हणून. मला त्याचा एवढा राग आला! त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण आला.

त्यातच बारडोलीहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. म्हाताऱ्यांनी आयुष्यभर बैलगाडीतून साखर कारखान्याला ऊस वाहिला होता. आता घरी ट्रॅक्टर होता, पण ते अजून बैलांच्याच गोष्टी सांगायचे. बाईंना बैलाचा केक हवा होता, उभा, मोठा, पन्नास माणसांना पुरेल एवढा.

मी विचारलं, "माझा हत्ती नाही का बघितला तुम्ही?"

"बघितला ना," त्या गुजरातीत म्हणाल्या. "बसला तरी त्याचा डोळा जिवंत होता. म्हणून तर तुम्हाला फोन केला." मग हळूच, "बळद ऊभो रहेशे ने, बेन?"

"बैल उभा राहील," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

जेवताना मी घरात सांगून टाकलं. हा बैल बसला तर ओव्हन विकायचा आणि खड्यांचं गाठोडं घरात घ्यायचं. बैल होता शनिवारी. मोपेडवाल्या भावालाही सांगितलं, त्यानंतरच्या सोमवारी ये, तेव्हा काय ते सांगते. माझा स्वभावच तसा आहे, एक घाव दोन तुकडे. नवरा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "या वेळेला तरी मला विचारणार का? का पुन्हा नळ्या?"

"टोमणे मारायचे असतील तर राहू द्या."

"टोमणा नाही गं. मी रोज लोखंडाला उभं करतो. बैलाला नाही का करणार?"

सासूबाई समोर बसल्या होत्या. पन्नास वर्षं सुरतेत काढली तरी त्यांची अहिराणी तसूभर हललेली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "हत्ती बठना ते बठना. आते बैल तरी उभा ऱ्हाऊ दे, माय."

नवऱ्याने कामाला सुरुवात केली ती वहीवर नाही, पोळपाटावर. पिठात बोटाने बैल काढला. "केकचं वजन केकवर टाकायचं नाही," तो म्हणाला. "तू काय केलंस, पायावर पोट ठेवलंस आणि पोटावर डोकं. आपण आधी सांगाडा उभा करू. तो रिकामा उभा राहिला पाहिजे. केक म्हणजे नुसता अंगरखा." मला ते पटलं, पण पटलं असं मी लगेच म्हटलं नाही.

खाली जाड प्लायवूडची फळी. तिला चार भोकं पाडून आट्यांच्या चार नव्या सळया उभ्या केल्या, फळीच्या वरून एक नट, खालून एक नट, मध्ये वायसर. हे बैलाचे पाय. वर पोटासाठी लांबट गोल पाट, त्यालाही तसेच वरखाली नट. सळयांवर पाण्याच्या नळाचा नवा कोरा पांढरा पाइप चढवला आणि सगळ्याला खाण्याच्या वस्तूंना चालणारी प्लास्टिकची पातळ पट्टी घट्ट गुंडाळली, म्हणजे लोखंड केकला लागायला नको. पाटावर केकचे चार थर. पण त्यांच्यावर वशिंड आणि पाठीचा उंच भाग येणार, तर त्याचं वजन खालच्या थरांवर पडू नये म्हणून मध्ये एक पातळ पाटी आणि तिच्याखाली जाड स्ट्रॉचे नऊ टेकू. पुढून एक सळई तिरकी वर गेली, मान आणि डोक्यासाठी. बाईंनी पाठवलेल्या फोटोत बैल ताठ मान वर करून उभा होता, शिंगं आभाळाला. मला अगदी तोच हवा होता.

नवऱ्याचा एक नियम आहे. माग दुरुस्त झाला की त्यावर लगेच सूत चढवायचं नाही, आधी रिकामा चालवून बघायचा, मग थोडा भार, मग पूर्ण. तसंच बैलाचं केलं. जेवढा केक येणार तेवढ्या वजनाच्या मिठाच्या पिशव्या आम्ही सांगाड्याला बांधल्या. पोटावर बारा, वशिंडावर दोन. बैल उभा! डोक्याला दोन बांधल्या आणि मी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात मानेची सळई सावकाश वाकली, मागचे पाय फळीसकट उचलले गेले आणि बैल तोंडावर आपटला. एक पिशवी फुटली. स्वयंपाकघरात मीठच मीठ.

मी मटकन खाली बसले आणि रडले. सरळ सांगते, मोठ्याने रडले. नवरा म्हणाला, जाड सळई लावू. लावली. मान वाकेना, पण बैल पुढे कलंडतोच. मग तो म्हणाला, छातीखाली एक खांब देऊ. माझं डोकंच फिरलं. "बैलाच्या छातीतून खांब? मग तो बैल कसला, लग्नाचा मांडव झाला! चार पायांवरच उभा राहील, नाहीतर राहणार नाही." तोही चिडला. "मग तुझ्या बैलाला सांग तसं!" आणि चप्पल घालून चहाला निघून गेला.

सासूबाई मीठ गोळा करत होत्या. त्यांना खेड्यात लहानपणी पोळ्याला मातीचे बैल करायची सवय. सांगाड्याभोवती दोनदा फिरल्या, मानेची सळई हाताने खाली दाबली आणि म्हणाल्या, "इतला भार वाही राहिना, आनि तू त्याले वर मान करी उभा करस? उपाशी शे तो. त्याले खावाले दे."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी लाटणं आडवं ठेवलं आणि मानेचा नट सैल करून खाली घेतलेली मान त्यावर टेकवली. बैल खातोय. तोंड चाऱ्याला लागलंय आणि डोक्याचा सगळा भार त्या चाऱ्यावर उतरलाय. मागचे पाय फळीला चिकटून. मी पाटाला धक्का दिला. हलला, पण पडला नाही. "माय वं!" मी ओरडले आणि त्यांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, सोड, हात खारट शेतस.

पण फोटोतला बैल मान वर करून होता. बाईंना विचारायला हवं होतं. मी भीतभीत फोन केला, की बैल ऊस खाताना केला तर चालेल का. त्या म्हणाल्या, बापूजींनाच विचारते, त्यांना केकचं नाही सांगत. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. बापूजी म्हणाले होते, गाडी घरी आली की आधी बैलांनी खायचं, मग आम्ही. उभा बैल बघायचा तर तेव्हाच. मी नवऱ्याला चहाच्या टपरीवर फोन केला आणि म्हटलं, या घरी, तुमच्या आईने बैल उभा केलाय.

पुढचं काम मी गुणगुणत केलं. तोंडाखाली उसाची मोळी आली, तिच्या आत एक ठेंगणी सळई फळीला नटांनी आवळलेली आणि तिच्या टोकावर बैलाचा जबडा. बाहेरून दिसायला नुसता ऊस, चॉकलेटच्या कांड्या आणि हिरव्या साखरेच्या पट्ट्यांची पानं. डोकं केकचं केलं तर पुन्हा जड, म्हणून ते सासूबाईंनी मुरमुऱ्यांचं केलं. गुळाचा पक्का पाक, त्यात मुरमुरे, आणि गरम असतानाच सळईवर हाताने दाबून कपाळ, गाल, जबडा. हात भाजत होते पण बाई मागे हटल्या नाहीत. पायही तसेच. वरून चॉकलेटचा थर, त्यावर पांढरं साखरेचं कातडं, पाठीवर साखरेची झूल आणि गळ्यात साखरेची घुंगरं. डोळे मात्र मी केले, कुणाला हात लावू दिला नाही.

नवऱ्याने चाचणीसाठी तसाच दुसरा सांगाडा जोडला होता; शुक्रवारी दुपारी त्याला मिठाच्या पिशव्या बांधून, भाड्याच्या टेम्पोत घालून आम्ही वस्तीतल्या सगळ्या स्पीडब्रेकरवरून फिरवलं. लोक गॅलरीत उभे राहून बघत होते. एकजण ओरडला, "हत्तीवाली, आता मिठाचं काय काढलंस?" मी वर बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी निघालो. नवरा मागे बैलाशेजारी, मी पुढे ड्रायव्हरजवळ आणि सारखी मागे वळून बघणारी. पलसाण्याजवळ एका कापडाच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि आमच्या ड्रायव्हरनेही. मी डोळे मिटून घेतले. माझ्या कानात पुन्हा तेच, हाथी बेसी गयो.

"कान गेला," मागून नवऱ्याचा आवाज आला.

"कुणाचा?"

"बैलाचा गं! बाकी उभा आहे."

रस्त्याच्या कडेला टेम्पो लावून मी वितळलेलं चॉकलेट लावलं, कान बसवला आणि सुकेपर्यंत दहा मिनिटं बोटांनी धरून उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते, बाई बैलाचा कान धरून उभी.

बारडोलीला अंगणात मांडव होता. बैल टेबलावर ठेवला आणि मी टेबलाला पाठ लावून उभी राहिले, जणू मीच पाचवा पाय. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. ऊन चढलं. बैल ऊस खातोय. मग बापूजींना आणलं. पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी बैल बघितला. जवळ आले, वाकले, डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि त्याच्या मानेखालच्या लोंबत्या पोळीवरून, अगदी खऱ्या बैलाच्या फिरवतात तसा, हात फिरवला. मला वाटलं, दाबतात की काय! पण त्या हाताला सवय होती. बैल जागचा हलला नाही.

मग बाईंनी सुरी आणली.

बापूजी सुरीकडे बघत म्हणाले, "बळद पर छरी? ना चाले." झालं! सळया मोजल्या, नट मोजले, मीठ तोललं, पण बैलावर सुरी कोण चालवणार हे मी, पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या घरातली बाई, विसरले होते. बाईंचा चेहरा उतरला. पन्नास माणसं ताटल्या घेऊन उभी. मला वाटलं, बसला. उभ्या उभ्या बसला माझा बैल.

नवऱ्याने माझ्या कानाशी हळूच म्हटलं, "वशिंड वेगळ्या पाटीवर आहे ना?"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पुढे झाले. "बापूजी, गाडी घरी आली की बैलाचं काय करता?"

"जोत सोडतो. घुंगरं उतरवतो, झूल उतरवतो."

"मग उतरवा ना."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग हसले, तोंडात दोनच दात, पण काय हसले! त्यांनी स्वतःच्या हाताने साखरेची घुंगरं उतरवली आणि नातवंडांना दिली. झूल उतरवली. मी पाठीची पाटी वशिंडासकट अलगद उचलून बाजूला घेतली आणि तिच्याखालचे स्ट्रॉचे टेकू एकेक करून काढले. खाली नुसते केकचे थर. सुरी नको, मोठे चमचे द्या म्हटलं. बाईंनी भाताचे डाव आणले. डावाने केक वाढला, आणि लोकांनी तो खाल्ला, हसत, बोटं चाटत. कुणी बैल कापला नाही. मोळीतला ऊस बापूजींनी खाल्ला. मुरमुऱ्यांच्या डोक्याला कुणीच हात लावला नाही, ते शेवटपर्यंत जिवंत डोळ्यांनी खात राहिलं.

सगळं संपलं तेव्हा टेबलावर सांगाडा राहिला, चार पाय, पाट आणि वाकलेल्या मानेवर ते डोकं. नवरा नट सोडवायला पाना घेऊन पुढे झाला. बापूजींनी काठी आडवी धरली. "ना, भाई. आ तो हवे घरनो." हा आता घरचा. बाईंनी नंतर फोटो पाठवला, त्यांनी त्याच्यावर जुनी खरी झूल टाकून त्याला ओट्यावर उभा केला होता.

सोमवारी सकाळी मी ओव्हन पुसत होते. खाली मोपेड थांबली. भावाने गाठोडं खांद्यावर घेतलं आणि काय करायचंय ते विचारायला हाक मारली, "बेन, शुं करवुं छे?" आजूबाजूच्या गॅलऱ्यांत चार डोकी बाहेर आली, हत्तीवालीचं काय होतं ते बघायला. मी हात पुसत बाहेर जाते तर सासूबाई आधीच कठड्याला टेकल्या होत्या. त्यांच्या हातात माळ्यावरचा गोंदाचा डबा होता. तो त्यांनी खाली त्याच्या पायाशी टाकला आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"गाठोडं वापस लई जा रे भाऊ! आमना बैल उभा शे!"